सोमवारची वही

जानेवारीतल्या रविवारी सकाळी आमच्या गावच्या चर्चमध्ये पस्तीस-चाळीस माणसं असायची. बाकं साडेतीनशे जणांची आहेत. छत इतकं उंच, की वरच्या तुळया बघायला मान मागे टाकावी लागते. ह्या चाळीस जणांना दहाच्या उपासनेला सोळा अंशांची ऊब मिळावी म्हणून तळघरातला तेलावरचा बॉयलर शनिवारी रात्रीपासून चालू असायचा. उपासना तासाभरात आटपते. पाळकबाई दारात उभ्या राहून प्रत्येकाचा हात हातात घेतात, लोक एकमेकांची विचारपूस करतात आणि घरी जातात. रात्रभर जाळलेल्या तेलाची ऊब दगडी भिंतींत मुरून जायची, छतातून निसटायची आणि सोमवारी चर्च पुन्हा गारठलेलं.

मी श्टुटगार्टजवळच्या ह्या गावात चौदा वर्षं राहतोय. मूळचा रत्नागिरीकडचा, काम इमारतींच्या हिटिंगचं. ह्या चर्चच्या मंडळीचा, म्हणजे इथल्या भाविकांच्या संस्थेचा, मी सभासद नाही. मुलगी चर्चच्या बालवाडीत जायची, तिथल्या पालकसभेत कुणीतरी म्हणालं, "तुम्ही हिटिंगवाले ना? मग आमचा बॉयलर एकदा बघा की." बघायला गेलो आणि अडकलो. सहा वर्षं झाली, मी त्यांच्या पर्यावरण गटात आहे. ह्या सहा वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय, आणि ते मी इथल्या बैठकांत जर्मनमध्ये अनेकदा मांडलंय. आज मराठीत मांडतो, कारण अशा गावांत आता आपली बरीच माणसं राहतात, त्यांची मुलंही ह्याच बालवाड्यांत जातात. श्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी-शहरं आहेत, हेही निमित्त पुरेसं आहे.

जर्मनीतल्या प्रोटेस्टंट चर्चांच्या संघाने, म्हणजे ईकेडीने, 2022 साली हवामानाबाबत एक नियमावली केली. 2035 पर्यंत हरितगृह वायूंचं उत्सर्जन 90 टक्क्यांनी खाली आणायचं, 2045 पर्यंत शून्यावर. आमचं व्युर्टेम्बर्गचं, म्हणजे श्टुटगार्टभोवतालच्या प्रांताचं, चर्च ल्युथरन, सोळाव्या शतकातल्या मार्टिन ल्युथरच्या धर्मसुधारणेतून निघालेलं, आणि ह्याच संघातलं. ध्येय मला मनापासून पटतं. पण ध्येय ठरवणारी सभा वर बसते आणि बॉयलर गावात असतो. मधलं अंतर कागदांनी भरून निघत नाही, त्याला माणसं द्यावी लागतात. मंडळ्यांना ऊर्जा वाचवायला खरोखर मदत करायची असेल, तर त्यांना मीटर वाचायला शिकवणारा पगारी माणूस द्या, आणि कोणती इमारत ठेवायची, कोणती सोडायची हे ठरवताना त्यांच्या शेजारी बसा. बाकी सगळं त्यानंतर.

आधी उष्णतेचा हिशेब सांगतो. आमच्या चर्चच्या पोटात साधारण तीन हजार घनमीटर हवा मावते. एवढी हवा दहा अंशांनी तापवायला लागतात फक्त दहा युनिट. एक लिटर तेलात तेवढी ऊर्जा असते. म्हणजे नुसती हवाच तापवायची असती तर बाटलीभर तेलात काम झालं असतं. प्रत्यक्षात एका रविवारमागे शेकडो युनिट जळतात, कारण आधी जाडजूड भिंती, फरशी, खांब आणि बाकं ऊब पिऊन घेतात. उरलेली गरम हवा सरळ छताला जाऊन चिकटते. उंच खिडक्यांच्या काचांना लागली की ती गार होते, खाली घसरते आणि बसलेल्यांच्या मानेवर येते. लोकांना वाटतं, कुठूनतरी वारा येतोय. मग कुणीतरी थर्मोस्टॅट वाढवायला सांगतं, आणि तो वारा आणखी जोर धरतो.

भरभर तापवूनही चालत नाही. ऑर्गनच्या पेट्या, वेदीमागचं कोरीवकाम, जुनी रंगवलेली पाटी, सगळं लाकूड. बाहेरची गोठलेली हवा आत तापवली की ती कोरडी पडते, लाकूड आकसतं, सांधे उघडतात. म्हणून तासाला एक-दीड अंशाहून जास्त चढवू नये असा दंडक आहे. उलट टोकाला जाऊन हिटिंग पार बंद ठेवलं तर ओल धरते आणि ऑर्गनच्या आत बुरशी येते. ऊर्जा वाचवण्याच्या नादात ऑर्गन खराब केला तर त्याच्या दुरुस्तीत दहा हिवाळ्यांची बचत जाते.

माझ्या आजोळच्या घराला मंगलोरी कौलं होती. त्या कौलांचा कारखाना बासेल मिशन ह्या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती संस्थेने 1860च्या दशकात मंगळूरला काढला, आणि त्या मिशनमध्ये ह्याच व्युर्टेम्बर्गातली कितीतरी माणसं होती. एप्रिलमध्ये कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जायची आणि खाली माजघरात दुपारची झोप लागायची. इथे छताच्या त्याच स्वभावाशी माझं रोजचं भांडण आहे. पहिल्यांदा चर्चच्या माळ्यावर चढलो तेव्हा पायाखालच्या फळ्यांतून वर येणारी ऊब तळपायांना लागली, आणि इथून पुढे काय करायचं ते मला कळलं.

उपाय सांगायला सोपा आहे. इमारत सोडा, माणूस तापवा. बाकावर विजेची गरम उशी ठेवली तर एका माणसाला शंभर वॉट पुष्कळ झाले. चाळीस माणसं, एक तास, चार युनिट. चर्च आठ अंशांवर राहू द्या, आर्द्रतेवर नजर ठेवा, लोकांना कोट काढू नका म्हणून सांगा. आम्ही आता असंच करतो.

करायला सोपं नव्हतं. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्या हिवाळ्यात जर्मनीत गॅसची धास्ती बसली, सरकारी कचेऱ्यांत 19 अंशांची मर्यादा आली. आमच्या मंडळीने जानेवारी ते मार्च उपासना शेजारच्या सभागृहात हलवायचं ठरवलं. इथे त्याला हिवाळी चर्च म्हणतात. बैठकीत एक आजी उठल्या. वय ऐंशीच्या पुढे. म्हणाल्या, "ह्या चर्चमध्ये माझं लग्न लागलं, नवऱ्याला निरोपही इथूनच दिला. आता तुमच्या आकड्यांसाठी मी दुमडायच्या खुर्चीवर बसून प्रार्थना करायची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर नाही. पुढच्या वर्षी आम्ही नाताळ, लग्नं आणि अंत्यविधी चर्चमध्येच ठेवले, उशा आणल्या, आणि फक्त तीन महिन्यांचे साधे रविवार हॉलमध्ये नेले. आजी हॉलमध्ये येतात, पण त्यांना ते आवडत नाही, आणि हे त्या दर वर्षी सांगतात. त्यांचं दुःख खरं आहे. ऊर्जा वाचवताना काही गमावावं लागतंच, आणि ते गमावणाऱ्यांना आधी विचारलं पाहिजे. 'काही बदलणार नाही, फक्त बचत होईल' असं सांगणारा सल्लागार मंडळीची फसवणूक करतो.

चर्चची इमारत नजरेत भरते म्हणून सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे जातं. खरी गळती बहुतेक वेळा शेजारी असते. 1970च्या आसपास बांधलेलं सपाट छताचं सभागृह, पाळकांचं जुनं घर, आणि आठवड्याचे पाच दिवस तापणारी बालवाडी. फोटो चर्चचा निघतो, बिल सभागृहाचं येतं. छतावर सोलर पॅनेल बसवायला उत्साह असतो, उद्घाटनाला महापौर येतात. पॅनेल बसवावीतच, जुन्या संरक्षित इमारतींचे नियमही आता पूर्वीइतके आडवे येत नाहीत. पण हिवाळ्यातल्या अंधाऱ्या दिवसांत ती पॅनेलं तेलाचा बॉयलर बंद करू शकत नाहीत. बालवाडीत बसवलेला एक हीटपंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने आत आणणारं यंत्र, गावाच्या हिशेबात चर्चच्या छतापेक्षा जास्त मोलाचा ठरतो, फक्त तो कुंपणामागे असतो, कुणाला दिसत नाही.

आमच्या गटात एक निवृत्त पोस्टमन आहेत. दर सोमवारी सकाळी आठला ते चौकटीच्या कागदांची वही घेऊन पाच मीटर वाचतात. पाऊस असो, बर्फ असो. पहिले दोन महिने कुणी त्या वहीकडे पाहिलं नाही. मग एका सोमवारी ते म्हणाले, "सुट्टीत हॉल आठवडाभर कुलूपबंद होता. तरी वीज गेली कुठे?" शोधलं. तीन स्वच्छतागृहांत बेसिनखाली पाच-पाच लिटरचे गिझर होते, ते वर्षानुवर्षं दिवसरात्र पाणी गरम ठेवत होते, कुणाच्या तरी हात धुण्याच्या आशेवर. त्याच वहीतून दुसरी गोष्ट निघाली. दर मंगळवारी संध्याकाळी हॉलचा गॅस वर चढायचा. टायमर बघितला तर पाच ते दहा, एकवीस अंश, गायनवृंदाची तालीम. गायनवृंद कोविडमध्ये थांबला होता तो पुन्हा जमलाच नाही. दोन हिवाळे आम्ही रिकाम्या खुर्च्या तापवल्या. दोन्ही दुरुस्त्यांना मिळून शे-दीडशे युरो लागले आणि पुढच्या बिलात फरक दिसला. कुठल्याही सल्लागाराच्या जाड अहवालात हे सापडलं नसतं, कारण अहवाल लिहिणारा मंगळवारी संध्याकाळी तिथे नव्हता.

ह्या कामाला इथे चांगली चौकट आहे. व्युर्टेम्बर्गमध्ये तिला 'ग्रुनर गॉकेल' म्हणतात, हिरवा कोंबडा. चर्चच्या मनोऱ्यावर वारा दाखवणारा कोंबडा असतो, त्यावरून नाव. मंडळीने गट करायचा, ऊर्जा, पाणी, कागद, कचरा ह्यांची मोजदाद करायची, काय करणार ते लिहायचं, बाहेरच्या तपासनिसाकडून ते तपासून घ्यायचं, आणि काही वर्षांनी पुन्हा. मी ह्या पद्धतीचा चाहता आहे, कारण ती वहीपासून सुरू होते. पण तिचा सगळा भार फुकट राबणाऱ्या माणसांवर आहे. आमच्या गटाचं सरासरी वय सत्तरच्या घरात आहे. पोस्टमनकाकांचा गुडघा दुखायला लागला तर सोमवारची वही कोण लिहिणार, ह्याचं उत्तर कुठल्याच नियमावलीत नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे खरं. पण माणूस नसला तर मीटर वाचायचा राहतो.

आणि मेस्नर. व्युर्टेम्बर्गमध्ये चर्चची व्यवस्था बघणाऱ्याला मेस्नर म्हणतात: किल्ल्या, मेणबत्त्या, घंटा, फुलं, आणि हिटिंग. आमच्या मेस्नरबाईंना ठाऊक आहे कुठला रेडिएटर बंदच होत नाही, कुठल्या खिडकीची कडी सैल आहे, कुठल्या कोपऱ्यात पहिल्यांदा ओल येते. ऊर्जेवरच्या पहिल्या बैठकीला त्यांना बोलावलंच नव्हतं. त्या शेजारच्या खोलीत कप धूत होत्या. त्यांचं काम आठवड्याला मोजक्या तासांचं आहे, पगार तेवढाच. आता आपण त्यांच्याकडून काय मागतो? आर्द्रता बघा, टायमर बदला, उशा मांडा आणि आवरा, फॉर्मसाठी आकडे काढून द्या. ह्यातल्या एकाही गोष्टीसाठी एक मिनिट वाढवून दिलेलं नाही. वरून जो पैसा पोस्टर आणि परिषदांवर जातो, त्यातून अशा माणसांचे तास वाढवले आणि दहा-बारा मंडळ्यांमागे एक फिरता ऊर्जा-तंत्रज्ञ नेमला, तर 2035 चं ध्येय मला शक्य कोटीतलं वाटेल.

फिनलंडमध्ये ह्या दिशेने जास्त विचार झालाय असं मला वाटतं. तिथल्या ल्युथरन चर्चने 2001 पासून मंडळ्यांना पर्यावरण-प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली आणि 2030 पर्यंत कार्बनचा हिशेब शून्यावर आणायचं ठरवलं. शहरांत अनेक मंडळ्या मिळून इमारतींचा कारभार एकत्र बघतात, म्हणजे बॉयलर कळणारा माणूस पगारावर असतो. स्वीडनमध्ये बाकांखाली विजेची ऊब देण्याची पद्धत पूर्वीपासून आहे, वीज बहुतेक पाण्याची, वाऱ्याची आणि अणुऊर्जेची, आणि जुन्या चर्चांच्या जपणुकीसाठी सरकारही पैसे देतं. तिथली वीज आणि तिथला कायदा आम्हाला उचलून आणता येणार नाही. गावापेक्षा मोठ्या पातळीवर पगारी माणूस नेमणं मात्र उद्यापासून करता येईल.

माझ्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, चर्चचं काम सुवार्ता सांगणं, बॉयलर सांभाळणं नव्हे. ह्याला उत्तर द्यायचा अधिकार माझा नाही, पण ल्युथरच्याच काळातली एक गोष्ट मला इथल्या एका निवृत्त पाळकांनी सांगितली. 1523 मध्ये सॅक्सनीतल्या लाइसनिग गावच्या मंडळीने एक सामाईक पेटी केली. चर्चचं सगळं उत्पन्न तिच्यात जायचं, आणि तिच्यातून पाळकांचा पगार, शाळा, गोरगरीब आणि इमारतींची डागडुजी हे खर्च निघायचे. पेटीला चार कुलपं, चार किल्ल्या चार थरांतल्या लोकांकडे, आणि हिशेब सगळ्यांसमोर. ल्युथरने त्या नियमांना स्वतः प्रस्तावना लिहिली. पाळक म्हणाले, "'उद्या जग बुडणार असलं तरी आज मी सफरचंदाचं झाड लावीन' हे वाक्य लोक ल्युथरच्या नावावर खपवतात, ते त्याच्या लेखनात कुठेच नाही. पेटी मात्र त्याची." गोरगरिबांचा घास आणि छताची दुरुस्ती एकाच पेटीतून निघते, हे ल्युथरन मंडळीला पाचशे वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. पोस्टमनकाकांची वही त्या पेटीच्याच वंशातली आहे. मराठी बायबलात एदेन बागेच्या संदर्भात मशागत आणि राखण हे शब्द येतात. मशागत हा शेतकऱ्याचा शब्द आहे, त्याला हात लागतात.

दुसरा आक्षेप पैशाचा. इथे चर्चचं उत्पन्न मुख्यतः आयकरावरच्या चर्चकरातून येतं, आमच्या राज्यात आयकराच्या 8 टक्के. 2023 ह्या एकाच वर्षात देशभर साडेतीन लाखांहून जास्त लोकांनी प्रोटेस्टंट चर्चचं सभासदत्व सोडलं. उत्पन्न घटतंय, इमारती तेवढ्याच आहेत, नुसती चर्चंच देशभरात वीस हजारांच्या आसपास. दुसरीकडे तेल-गॅसवर कार्बनची किंमत, म्हणजे जळताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर सरकारने लावलेला आकार, लागू आहे. 2021 मध्ये टनाला 25 युरो होती, 2025 मध्ये 55 झाली, म्हणजे तेलाच्या लिटरमागे पंधरा सेंटच्या आसपास. काही न करणं हाही खर्च आहे आणि तो वाढत चाललाय. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी ठरवा कोणती इमारत ठेवायची. जे छत दहा वर्षांत विकलं जाणार आहे त्यावर इन्सुलेशन घालणं म्हणजे देणग्यांची उधळपट्टी. पण हा निर्णय एकट्या गावाला घ्यायला लावणं क्रूर आहे. हॉल बंद करायचं सुचवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बेकरीत त्याच लोकांना तोंड द्यायचं असतं.

तिसरा आक्षेप सर्वांत सभ्य आणि सर्वांत घातक. एका गावच्या चर्चने तेल वाचवलं तर जगाच्या हवामानात काय फरक पडणार? हा प्रश्न घेऊन मी तरंगमबाडीला उभा होतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं हे जुनं डॅनिश ठाणं. 1706 मध्ये जर्मनीतल्या हाले शहराच्या धर्मपरंपरेतला त्सीगेनबाल्ग हा जर्मन ल्युथरन मिशनरी तिथे उतरला आणि भारतातलं ल्युथरन चर्च तिथून सुरू झालं. तंजावरचे आपले सरफोजी राजे ज्याच्या देखरेखीखाली शिकले तो श्वार्ट्झही त्याच मिशनचा. 1718 मध्ये उभं राहिलेलं चर्च आजही तिथे आहे, उपासना चालते. त्याच गावातल्या किनाऱ्यावरच्या जुन्या शिवमंदिराचा बराचसा भाग समुद्राने गिळलाय. इथल्या मंडळ्या अशा भावंड-मंडळ्यांसाठी दर वर्षी दानपेटी फिरवतात, प्रार्थनेत त्यांची नावं घेतात. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांच्याच किनाऱ्यावर समुद्र चढवण्यात आपल्या रिकाम्या हॉलचा गॅसही थोडा हातभार लावतो, हे एकदा कळल्यावर तो थोडका आहे की जास्त ह्यावर मला वाद घालवत नाही.

येत्या नोव्हेंबरात आमच्या मंडळीची मोठी सभा आहे. रस्त्यापलीकडे कॅथलिक मंडळीचं सभागृह आहे, तेही अर्ध्याहून जास्त आठवडा रिकामंच असतं. दोघांनी मिळून एकच हॉल ठेवायचा, आमचा सोडायचा, आणि वाचलेल्या पैशातून बालवाडीला हीटपंप घालायचा, असा प्रस्ताव आम्ही ठेवलाय. ह्या वेळी मेस्नरबाई टेबलाशी बसणार आहेत. आठवड्याला दोन तास वाढवून मिळावेत, असा त्यांचा अर्ज चर्चच्या जिल्हा कचेरीत मार्चपासून पडून आहे. आजी प्रस्तावाच्या विरोधात मत देणार आहेत, तसं त्यांनी मला बेकरीत सांगितलं.